भासऱ्याशी बोलायचं कसं

आमच्या नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या वसाहतीत वंदना उईकेला सगळे 'दोन शाळांची वंदना' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात असं समजू नका. पस्तिशी ओलांडलेली बाई, मुलगा आठवीत, नवरा दुर्गेश वीज केंद्रात कोळशाच्या कामावर, आणि ही एकाच वेळी दोन ठिकाणी शिकते. आठवडाभर नागपूरच्या समाजकार्य महाविद्यालयात एमएसडब्ल्यू, आणि शनिवार-रविवार विद्यापीठात आदिवासी जीवनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. आता म्हणे एका वेळी दोन शिकायला परवानगी आहे. परवानगी आहे म्हणून कोणी करतं का?

मी तिची शेजारीण, शामला. कुहीकडच्या धानाच्या शेतकऱ्याची मुलगी, शिक्षण बारावीवर थांबलं आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही. पण माझ्याकडे स्कूटी आहे आणि वंदनाला स्कूटी चालवता येत नाही. एवढ्या एका कारणाने मी या भानगडीत ओढली गेले.

वंदना गोंड समाजाची. पण जन्मली कामठीत, वाढली कामठीत. वडील छावणीत माळी होते. घरात गोंडी बोलली तर पोरं शाळेत मागे पडतील म्हणून त्यांनी ती भाषा उंबऱ्याबाहेरच ठेवली. आपण कोण आहोत हे वंदनाला जातीच्या दाखल्यापुरतंच ठाऊक. म्हणून तर तिला दोन्ही शिकायचं होतं. मी एकदा वैतागून विचारलं, "काहून वं जीव काढून राहिली स्वतःचा?" तर म्हणाली, "शामलाताई, एका ठिकाणी मदत कशी करायची ते शिकवते. दुसऱ्या ठिकाणी कोणाले करायची ते." मी चहा टाकला.

कॉलेजात आठवड्यातले दोन दिवस प्रत्यक्ष गावात जाऊन काम करायचं असतं. वंदनाला पारशिवनीच्या पुढचं, पेंचच्या जंगलाकडचं एक गोंड गाव मिळालं. बस आली तर आली. नाही आली की ही माझ्या दारात उभी, ओढणी कमरेला बांधून, चेहरा असा की नाही म्हणायची सोय नाही.

त्या गावात तिच्याकडे एकच मोठं काम आलं, आणि त्या कामाचं नाव रितिका. मुलगी बारावी झालेली, हुशार, नागपुरात नर्सिंगला नंबर लागलेला. आईवडील कामासाठी परराज्यात, पोरगी आजी-आजोबांजवळ. महिनाअखेर प्रवेश घ्यायचा होता, नाहीतर जागा जाणार. आणि आजोबा, बळीराम उईके, नाही म्हणून बसले होते. पोरीच्या बापाने फोनवर सांगून टाकलं होतं की बुढा म्हणेल तसं. म्हणजे या एका म्हाताऱ्याला पटवलं की झालं. सोपंच की, असं मलाही वाटलं होतं.

पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा बळीराम खाटेवर बसून अंबाडीची दोरी वळत होते. त्यांच्या बायकोने, रुख्मिणीबाईंनी, पाणी दिलं आणि वंदनाला आडनाव विचारलं.

"उईके."

"उईके? मंग आमचेच. कोणत्या गावचे? किती देवांचे?"

गोंडांमध्ये कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात, आणि एकदा ते कळलं की कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाचा सोयरा हे ठरतं. वंदनाने विद्यापीठात याचा अख्खा तक्ता पाठ केला होता. त्यात तिला चांगले मार्कही होते. पण स्वतःच्या घराचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. कान लाल झाले बिचारीचे. तिने दुर्गेशला फोन लावला. तो कामावर, मागून यंत्रांचा खडखडाट. "मले काय माहीत? बुढीले विचार," म्हणाला आणि ठेवून दिला. मग सासूला फोन. सासूने देव सांगितले, गाव सांगितलं. मग रुख्मिणीबाईंनी वंदनाच्या हातातून फोनच काढून घेतला, आणि दोघी अनोळखी म्हाताऱ्या जुन्या मैत्रिणींसारख्या बोलत बसल्या. कोणाची आत्या कुठे दिली, कोणाची मामी कुठून आणली. आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या ऐकत बसलो.

फोन ठेवून रुख्मिणीबाईंनी निकाल दिला. "हे तं तुह्या नवऱ्याचे मोठे भाऊ लागते. भासरे तुहे."

भासरा म्हणजे मोठा दीर. धाकट्या भावाच्या बायकोने त्याच्यासमोर बसायचं नाही, त्याने तिच्याकडे पाहायचं नाही, दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. आमच्याकडेही जुन्या बाया पाळायच्या, पण आता कोण पाळतं? इथे मात्र रुख्मिणीबाईंचं वाक्य पुरं होईतो बळीरामने दोरी उचलली, खाट फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं म्हातारा रागावला. वंदनाकडे पाहिलं तर तिने ओढणी डोक्यावर घेतली होती. कधी घेतली ते तिलाही कळलं नसावं.

"आणि मी रितिकाची कोण?" तिने हळूच विचारलं.

"आजी! लहानी आजी," रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि दारात उभी असलेली रितिका तोंडावर हात ठेवून हसत सुटली. अठरा वर्षांची नात आणि छत्तीस वर्षांची आजी. मी परत येताना अख्ख्या रस्त्याने वंदनाला "ओ आजीबाई" म्हणून छळलं. ती मागे बसून हसत होती. पारशिवनीच्या अलीकडे म्हणाली, "शामलाताई, आता बोलू कशी मी त्यायच्याशी?"

तोच तर घोळ होता. ज्या एका माणसाशी बोलायला ती गेली, त्याच्याशीच बोलायला तिला आता बंदी.

मग जे काही सुरू झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. वंदना अंगणात चुलीजवळ, बळीराम पाठमोरे खाटेवर, मधे रुख्मिणीबाई. वंदना म्हणायची, वसतिगृहाला भिंत आहे, चौकीदार आहे, वॉर्डनबाई तिथेच राहतात. शब्द न् शब्द म्हाताऱ्याच्या कानावर पडायचा, तरी रुख्मिणीबाईंनी तो पुन्हा सांगायचा. मग म्हातारा समोरच्या कुडाला उद्देशून बराच वेळ बोलायचा, जंगल, शहर, काळ, सगळं काढायचा. आणि रुख्मिणीबाई वळून वंदनाला सांगायच्या, "नाई म्हणते."

"एवढं बोलले ते?" मी विचारायची.

"त्याचा मतलब नाईच हाय ना बाई."

एकदा मात्र त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला होता की भिंत आहे ते ठीक, पण पोरगी तापाने फणफणली तर भिंत काय तिच्या डोक्यावर हात ठेवते? जिथे आपलं कोणी नाही तिथे ते पोरगी ठेवणार नव्हते. यात चूक काय आहे, मला सांगा. मी माझ्या मुलीला ठेवलं असतं का?

वंदना दोन्हीकडे विचारून आली. विद्यापीठातले सर तर खूश झाले. भासऱ्याची रीत अजून पाळतात, यावर लिहा म्हणाले. वंदना म्हणाली, "सर, मला त्यांच्यावर लिहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं आहे." कॉलेजातल्या उत्तरा मॅडम शहाण्या बाई. त्या म्हणाल्या, धीर धर, जात राहा, घाई करू नको, आणि एक ध्यानात ठेव, आपण मदतीला गेलो आहोत, कोणाच्या घरात शिरायला नाही. वंदनाने मान डोलावली. तिला दोघांचंही पटत होतं, हाच तिचा रोग.

महिना संपत आला. त्या दिवशी आम्ही गेलो तर रितिका विहिरीवर होती. डोळे सुजलेले. वंदनाने यावेळी काही पटवून दिलंच नाही. ती चुलीजवळ बसली आणि रुख्मिणीबाईंना म्हणाली, "भासऱ्यायले विचारा, पोरगी कुठं ठेवली तर त्यायचा जीव शांत राहील?"

रुख्मिणीबाईंनी सांगायच्या आधीच खाटेवरचे हात थांबले. म्हातारा कुडाकडे पाहत होता. मग या वेळी लांबण न लावता बोलला.

"लहान्या भावाच्या घरी पोरगी राहत असन, तं मी नाई काहून म्हणू?"

रुख्मिणीबाईंनी निरोप पोचवला नाही, गरजच नव्हती. लहाना भाऊ म्हणजे दुर्गेश, आणि दुर्गेशचं घर म्हणजे माझ्या शेजारच्या दोन खोल्या, जिथे मुलगा स्वयंपाकाच्या ओट्याखाली वह्या ठेवतो. वंदना वसतिगृह मागायला गेली होती आणि म्हाताऱ्याने तिच्या पदरात पोरगीच टाकली.

दुर्गेशची मला भीती होती. तो फिरत्या पाळीचा माणूस, त्याला झोप प्यारी. वंदनाने विचारलं तर म्हणाला, "भावाची नात हाय ना? मंग मले काय विचारते?" ज्या भावाचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं त्याच्याबद्दल हे. मी त्या दिवसापासून दुर्गेशला नावं ठेवणं बंद केलं, जवळजवळ.

अडलं ते कॉलेजात. उत्तरा मॅडम चिडल्या नाहीत, ते जास्त कठीण गेलं. त्या म्हणाल्या, "वंदना, जिच्यासाठी तू काम करतेस तिला घरी नेलंस की तू तिथली कार्यकर्ती उरत नाहीस. उद्या दुसऱ्या घराने विचारलं, आमच्या पोरीला का नाही, तर काय सांगशील? एकतर कार्यकर्ती म्हणून जा, नाहीतर आजी म्हणून. आजी व्हायचं असेल तर मला ते गाव दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल."

मला मॅडमचा राग आला. वंदनाला नाही आला. "बरोबर बोलून राहिल्या त्या," म्हणाली, आणि माझ्या ओट्यावर बसून रडली. मुळूमुळू नाही, चांगली हुंदके देऊन. असं गाव मिळावं म्हणूनच तिने दोन शाळा धरल्या होत्या. तिथेच पुढे काम करायचं तिने मनात ठरवलं होतं. चुकूनमाकून सापडलेलं आपलं गाव, आणि तेच सोडायचं. मी म्हटलं, "जाशीन ना पाहुणी म्हणून, मी नेईन स्कूटीवर." ती म्हणाली, "पाहुणीले काम नसते, ताई." आणि उठून डोळे पुसून गेली मॅडमला फोन करायला. गाव सोडते म्हणाली. तिला कामठीच्या हातमाग विणकरांची वस्ती मिळाली, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्रवेश झाला. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी बळीराम स्वतः नातीला घेऊन खापरखेड्याला आले. बसस्टँडवरून त्यांना आणायला मीच गेले, कारण माझ्याशी ते बोलू शकत होते, मी कोणाचीच कोणी नव्हते. धुतलेलं धोतर, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. दाराशी आल्यावर थांबले आणि पाठ फिरवली. आत वंदना दाराआड उभी होती, डोक्यावर पदर. त्या दिवशी तिने साडी नेसली होती.

रितिका आजोबांच्या पाया पडली आणि आत गेली. म्हाताऱ्याने गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. पाणी दिलं ते मी, तेही उभ्याउभ्याच प्याले. मी म्हटलं, "बाबाजी, पोरीची काळजी करू नका."

"पोरीची काळजी काहून करू?" ते म्हणाले. "थे आपल्या घरी आली." मग जरा मोठ्याने, एवढ्या मोठ्याने की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली, मला म्हणाले, "त्या बाईची काळजी करून राहिलो मी. दोन दोन शाळा शिकते, घर पाहते, जंगलात हिंडते. वाळून गेली पार. थे जेवते केव्हा? तिच्या माहेरी आता कोणी विचारणारं हाय का नाही? नसन तं तिले सांगा, भासरा हाय."

आणि उत्तराची वाट न पाहता स्टँडकडे चालू लागले.

मी निरोप द्यायला आत गेले. द्यायचं काय होतं, तिने ऐकलंच होतं. वंदना दाराला टेकून खाली बसली होती, आणि तिची अठरा वर्षांची नात तिच्या डोक्यावर हात ठेवून शेजारी उभी होती. मी तांदूळ धुवायला घेतले. त्या दिवशी मी तिला ताटावरून उठू दिलं नाही.