कुरकुरकाकूंच्या मागचं कुरण

काकूंना कुरकुर केल्याशिवाय घास गिळवत नसे. पाठीमागे सगळं गाव त्यांना कुरकुरकाकू म्हणायचं. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दलही त्या कुरकुरायच्या. ऊन पडलं तर डोकं दुखतं, ढग आले तर कपडे वाळत नाहीत. शिलाईचं काम आलं की मान मोडते; नाही आलं, की लोकांनी उसवलेलंच घालून फिरायचं ठरवलंय की काय! हात मात्र असा, की त्यांनी बसवलेली चेन कापड विरलं तरी निघायची नाही.

या कुरकुरीचा अर्थ जगात एकाच माणसाला लागायचा, आणि तो म्हणजे त्यांचा नवरा. ते विजेच्या तारांवर काम करायचे. वारा सुटला, तारा तुटल्या, की शिडी घेऊन निघायचे. परत कधी येतील याचा नेम नसे. दार वाजलं की काकू आतूनच म्हणायच्या, "आलात? मला वाटलं, आता उद्याच उगवता."

"उद्या कशाला, आजच उगवलो. चहा टाक."

मग चहा उकळेस्तोवर चिखलाच्या बुटांपासून ते सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा आणि ते पाय पसरून ऐकत बसायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, "ही बोलतेय तोवर घरात सगळं ठीक आहे. गप्प बसली की डॉक्टर बोलवा."

ते गेले. तारेवरून पडून नव्हे, खुर्चीत बसल्या बसल्या, चहा संपवून. त्यानंतर काकू खरोखरच गप्प बसल्या, आणि डॉक्टर बोलवा म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

घराच्या मागे कुरण, पलीकडे तळं. शिलाईचं मशीन मागच्या खिडकीशी, मोरीही तिकडेच. दिवस मावळला की खिडकीत काळोखाशिवाय काही दिसायचं नाही. काकू पडदा ओढून घेत, आणि तरी तो काळोख पडद्यामागे आहे हे त्यांना कळायचंच.

मग कुठून कुठून त्या राहायच्या गाड्या यायला लागल्या. आत पलंग, कडेला शेगडी, मागे सायकली बांधलेल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसली माणसं! एका संध्याकाळी काकू भांडी विसळत होत्या, तर समोर कुरणात एका गाडीच्या खिडकीचा पिवळा चौकोन उजळला. आत कुणीतरी बटाटे सोलत होतं. काकू नळ बंद करायचं विसरल्या. त्या रात्री त्यांना कधी नव्हे ती गाढ झोप लागली.

सकाळी उठल्या त्या तडक नणंदेच्या दारात. "आल्या मेल्या गाड्या! फाटक उघडं टाकतात, दोऱ्या कुठेही बांधतात. वर एक बया तंबूची चेन बसवून द्या म्हणून आली. मी काय धर्मशाळा उघडलीय?"

नणंद दोन घरं सोडून राहायची. वहिनीवर तिचा फार जीव, पण भावाचा कान काही तिला मिळाला नव्हता. जे ऐकलं ते तिनं खरं मानलं आणि गावसमितीकडे नेलं.

तिकडे तक्रारींना तोटा नव्हताच. कुणी चरात सांडपाणी ओतलं होतं. त्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी चुलीची ठिणगी उडून अर्धं कुरण जळालं, आणि आगीचा बंब अरुंद वाटेवर गाड्यांमागे अडकून पडला. समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातले औषधवाले. रक्तदाबाच्या गोळ्या देता देता ते काकूंना म्हणाले, "आता रात्रीच्या मुक्कामाला साफ बंदी. फाटकाला कुलूप. तुमच्यासाठीच करतोय हो. एकट्या बाईला किती तो मनस्ताप!"

आणि काकू काय म्हणाल्या? "एवढा उशीर लावलात!" म्हणाल्या. तोंडाची सवय, दुसरं काय! दुकानाची पायरी उतरल्यावर त्यांना रडू कोसळलं.

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. औषधवाल्यांनी बंदीचा ठराव वाचला आणि म्हणाले, "सगळ्यात जास्त सोसलंय काकूंनी. आधी त्या बोलतील."

काकू उठल्या. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली. काय सांगायचं ते घरून ठरवून आल्या होत्या, पण गोड शब्द जिभेवर येईचना.

"बंदी नको," त्या म्हणाल्या.

"अगं वहिनी, तूच तर म्हणायचीस ना, मेल्या गाड्या म्हणून?"

"म्हणायची. तुझ्या भावालाही जन्मभर तसंच म्हणत आले. ते नकोसे होते म्हणून म्हणत होते का?"

नणंदेनं मान खाली घातली.

"अंधार पडला की मला समोर दिवा लागतो," काकू म्हणाल्या. "बाकी मला काही सांगता येत नाही." पण एकदा तोंड उघडल्यावर गाडी मूळ रुळावर आली. "चुली पेटवतात त्या बंद करा. घाण त्यांची त्यांनी न्यावी, आपण काय त्यांचे नोकर? वाट अडवली तर हाकलून द्या खुशाल. आणि चोरासारखे गुपचूप येतात कशाला? आधी माझं दार वाजवून विचारायला काय हात झडतात?"

औषधवाले लिहीतच सुटले. ठराव बदलला आणि तसाच्या तसा कुरणाच्या फाटकाशी फलकावर चढला. मुक्कामाची परवानगी समोरच्या घरी, काकूंकडे.

पुढे कित्येक दिवस कुणी आलंच नाही. नियम वाचून माणसं पळाली असतील, काकू स्वतःलाच कोसत राहिल्या. मागच्या खिडकीतलं मशीन त्यांनी ओढत ओढत पुढच्या दाराशी आणलं. उजेड तिथं धड नव्हता, त्यावरूनही कुरकुरून झालं.

एका संध्याकाळी दार वाजलं. हातातली पँट खाली पडली आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "आलात? मला वाटलं, आता उद्याच उगवता."

बाहेरून एका तरुण माणसाचा बिचकलेला आवाज आला, "सॉरी हं, रस्ता चुकलो आम्ही."

काकू कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हे उत्तर नव्हतं. ते उत्तर आता कुणीच देणार नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि दार उघडलं.

"चुकणारच. फलक लावलाय एवढासा! गाडी तिथं लावा, माझ्या मागच्या खिडकीसमोर. चूल पेटवायची नाही."

"नाही पेटवणार. आणि आतला दिवाही आम्ही लवकर बंद करू. तुम्हाला त्रास नको."

"बंद करून तर बघा," काकू म्हणाल्या.