नागऱ्याचं बोलावणं

मुर्रीचे ओमेशभाऊ राईस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतात. धानाचा ट्रॅक्टर काट्यावर चढून उतरेपर्यंत ते मोबाइलवर चार जणांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन मोकळे होतात. कुणी गेलं की पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' त्यांचीच. कोल्हापूरकडच्या एका अनोळखी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तर आठ दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांची विचारपूस चालली होती. मी त्यांचा शेजारी. मला डेंगू झाला तेव्हा त्यांनी भिंतीपलीकडून गुलाबाचं चित्र पाठवलं.

माणूस वाईट नाही. समोर बसलेल्याशी काय बोलायचं ते त्याला सुचत नाही, एवढंच.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचं, टिंकूचं लग्न निघालं. आमच्याकडे जवळच्या नात्यात नुसत्या पत्रिकेला कुणी विचारत नाही. घरचं माणूस दारात जाऊन हातावर पिवळे तांदूळ ठेवतं, तेव्हा ते बोलावणं. भाऊंनी गाणं लावलेली पत्रिका सहाशे लोकांना मोबाइलवर धाडली आणि त्यातच सख्ख्या थोरल्या बहिणीलाही उरकलं. रेणूताई नागऱ्याला राहतात, गाडीनं वीस मिनिटं.

"आत्या येऊन नाही राहिली," टिंकूनं बापाला सांगितलं. "ते नाही आली तं मी हळदीले बसत नाही."

"तिनं पाह्यली ना पत्रिका. निळी खूण आली," भाऊ म्हणाले.

"मंग त्या निळ्या खुणेलेच बसवा हळद लावाले," नीतूवहिनींनी नवऱ्याला सुनावलं.

भाऊ स्वतः का जात नाहीत, याचं खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई शेवटचे दोन महिने ताईंकडे अंथरुणाला खिळून होती. भाऊ उद्या जातो, परवा जातो करत राहिले आणि एकदाही गेले नाहीत. ती गेल्यावर मात्र फेसबुकवर असं लिहिलं की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. अंत्यविधीला ते ताईंपासून दहा हात लांब उभे होते. नंतर त्यांनी नागऱ्याचा रस्ताच सोडला.

हळदीच्या आदल्या दिवशी मीच त्यांना गाडीवर मागे बसवून नेलं. ताईंनी आम्हा दोघांना पाणी दिलं. भाऊंनी खिशातून तांदळाची पुडी काढली, "ताई" म्हणाले आणि पुडी उलगडत राहिले. दिवसभर जगाला उत्तरं देणारा माणूस, पण पुढचा शब्द फुटेना. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

शेवटी ताईंनीच हात पुढे केला. "दे."

भाऊंनी तांदूळ ठेवले. अर्धे खाली सांडले. ते वेचता वेचता, वर न बघता त्यांनी विचारलं, "आई काही म्हणे काय, शेवटी?"

"इचारे, ओमेश आला काय."

"मंग?"

"मी म्हटलं, आला. भायेर गाडी लावून राहिला."