हमी नाही म्हणणारे बिराजदार सर

बिराजदार सरांना कोणी नुसतं 'उद्या भेटू' म्हटलं तरी ते क्षणभर थांबायचे, वर छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "येतो म्हणायलोय. पण हमी नाही." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, माणसाला काही दुखणंबिखणं आहे की काय! तसं काही नव्हतं. प्रकृती ठणठणीत होती. ठाऊक आहे ते आहे म्हणावं, नाही ते नाही म्हणावं, एवढाच त्यांचा हट्ट होता, आणि तो हट्ट त्यांनी चहाच्या टपरीपासून प्राचार्यांच्या केबिनपर्यंत सगळीकडे सारखाच चालवला. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे. पोरांनी त्यांचं नाव 'हमी नाही सर' ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. "बरं ठेवलंय की," ते म्हणाले होते, "मागच्या बॅचनं ठेवलेलं यापेक्षा वाईट होतं."

निवडणूक जवळ आली की सरांचे हाल सुरू व्हायचे. नवी पेठेतून चालत निघाले की दर दोन दुकानांआड कोणीतरी हटकायचंच, "सर, यंदा कोण येणार?" एकदा मी सोबत होतो. सर शर्टाचं कापड घ्यायला थांबले होते. दुकानदारानं कापड बाजूला ठेवून हाच प्रश्न काढला. सर म्हणाले, ठाऊक नाही. अहो, तुम्ही राज्यशास्त्राचे प्राध्यापक, तुम्हाला नाही तर कोणाला ठाऊक असणार? त्यावर सर शांतपणे म्हणाले, "शिकवतो म्हणून तर ठाऊक नाही. ज्यांनी हा विषय उघडूनही बघितला नाही त्यांना विचारा की, ते पटकन सांगतील." दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं. मग कापडाचा रंग जाईल का असं सरांनी विचारल्यावर तो छातीवर हात ठेवून म्हणाला, गॅरंटी! सरांनी माझ्याकडे बघितलं. "बघ, यांचा विषय आपल्यापेक्षा सोपा आहे." कापड मात्र तिथंच घेतलं.

मी मूळचा मोहोळकडचा. बारावी झाली तेव्हा चुलत्यांनी सांगितलं की कलेक्टर व्हायचं तर राज्यशास्त्र घे. चुलत्यांनी कलेक्टर लांबूनच पाहिला होता, पण त्यांचा शब्द घरात चालायचा. पहिल्या तासाला सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, काय व्हायचंय? सगळा वर्ग अधिकारी होणार होता. एकाला आमदार व्हायचं होतं. शेवटच्या बाकावरचा एक जण डोकं खाजवत म्हणाला, "बघू." सर खूश झाले. आख्ख्या वर्गात हा एकटा शास्त्रीय बोलला, असं त्यांनी जाहीर केलं. मग टेबलाला टेकून म्हणाले, "तुम्ही कोण होणार ते मला ठाऊक नाही. परीक्षा द्या, माझ्याकडं पुस्तकं आहेत, घेऊन जा. पण हमी नाही. मात्र उद्या गावात कोणी तुम्हाला म्हणालं, ठराव झालाय, तर 'दाखवा' म्हणायचं धाडस तुमच्यात यावं. तेवढ्यासाठी मी तीन वर्षं बोलणार."

तीन वर्षं ते खरंच तेवढंच बोलले म्हणायला हरकत नाही. संविधान असो, पंचायत राज असो, नाहीतर ग्रीसमधले म्हातारे तत्त्वज्ञ असोत, फिरून फिरून गाडी 'दाखवा'वर यायची. आमच्या बॅचमधला एक पोलिसात भरती झाला. एक पत्रकार झाला, एकीनं वकिली केली, आणि तो आमदार होणारा एका नगरसेवकाचं व्हॉट्सॲप सांभाळतो. 'बघू'वाल्यानं स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढली आणि सगळ्यांत बरं त्याचंच चाललंय. मी एम.ए. केलं, सेट काढली आणि सरांच्याच विभागात लागलो. लागलो म्हणजे तासिका तत्त्वावर! शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर वर्षी नव्यानं नेमणूक. विभाग म्हणजे सर, मी आणि एक कपाट. पोरांनी विषय घेतला तर तास, तास असले तर मी.

म्हणून जूनमध्ये आम्ही सरांच्या स्कूटरवरून गावोगाव फिरायचो. बारावी झालेल्या पोरांच्या घरी जायचं, विषय समजावायचा, प्रवेश मिळवायचे. सगळ्याच विभागांचे प्राध्यापक हे करतात. भूगोलवाले तर असे सराईत की चहा निवायच्या आत पोराला तलाठी करून मोकळे होतात. आणि माझी भाकरी ज्यांच्या जिभेवर, ते बिराजदार सर! मोहोळजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. पोराच्या बापानं साधं विचारलं, हे शिकून पोरगं काय हुईल? मी घाईनं तोंड उघडलं, तोवर सर वर बघून बोललेसुद्धा. "हमी नाही. आता हा बघा, शिंदे. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. एम.ए.ला पहिला, सेट पास. तासावर शिकवायलाय." त्या माणसानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की काय सांगू! आत हाक मारून त्यानं माझ्यासाठी आणखी एक ग्लास ताक मागवलं. पोरगं भूगोलाला गेलं. परतीच्या वाटेवर मी सरांशी एक अक्षर बोललो नाही. सर मात्र दोनदा म्हणाले की ताक छान होतं.

राग यायचा, पण टिकायचा नाही. कारण माझ्या तासांसाठी हाच माणूस प्राचार्यांकडे खेटे घालायचा. स्वतःच्या बढतीसाठी कधी त्या केबिनची पायरी चढला नाही.

मग माझ्या लग्नाचं निघालं. तासिकेवरच्या प्राध्यापकाचं लग्न जमवणं म्हणजे काय ते ज्याच्या घरी असा मुलगा आहे त्यालाच कळेल. 'प्राध्यापक' ऐकून माणसं खुर्ची पुढे ओढतात आणि 'पर्मनंट का?' विचारून मागे सरकवतात. तीन स्थळं अशी हातची गेली. आईनं देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी होते. चौथं स्थळ करकंबचं आलं. अश्विनी. मी तिला बघून आलो होतो, तासभर बोललो होतो, आणि खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत माझं मन गुंतलं होतं. हे स्थळ जाऊ नये असं मला फार वाटत होतं. तेवढ्यात निरोप आला की मुलीचे वडील सोमवारी कॉलेजात चौकशीला येणार, आणि चौकशी करणार ती बिराजदार सरांकडे. त्यांचा पुतण्या सरांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं सांगितलेलं, सर खोटं बोलत नाहीत.

मी सरळ सरांकडे गेलो आणि म्हटलं, सर, सोमवारी रजा टाका. का म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलीचा बाप करकंबहून येणार आणि मी घरी बसू? विचारणारा आला की उत्तर देणारा जागेवर पाहिजे." झालं! मी मनातल्या मनात अश्विनीचा निरोप घेऊन टाकला.

सोमवारी अश्विनीचे वडील, म्हणजे आताचे माझे मामा, आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, बोलणं मोजकं. बायकोला आणि मुलीला नवी पेठेत खरेदीला सोडून आले होते. मी बाहेर सटकत होतो, तर सरांनी हाताला धरून बसवलं. तुझ्याबद्दल बोलायचं ते तुझ्यासमोर, म्हणाले. मामांनी विचारलं, पोरगा वागायला कसा हाय? सरांनी सगळं सांगितलं. अभ्यासू आहे, थोडा रागीट आहे, चहा फार पितो, अक्षर वाईट आहे, पोरांना जीव लावून शिकवतो, आईला उलट बोलत नाही. मामा मान हलवत होते. मग पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेत त्यांनी विचारलं, "आन् पर्मनंट कदी हुईल?"

सर थांबले, पण वर छताकडे बघितलं नाही. टेबलावरचा डस्टर उचलला, खाली ठेवला.

"होईल. पुढच्या वर्षी."

"नक्की?"

"हमी देतो," सर म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सरांचे कान लालबुंद झाले होते. समोर माझ्यासाठी आणलेला चहा त्यांनीच उचलून एका दमात प्यायला, भाजला असणार, आणि तास आहे म्हणून निघून गेले. तास नव्हता. मामा दाराकडे बघत जरा वेळ बसून राहिले, मग मला नमस्कार करून गेले. संध्याकाळी मी सरांना गाठलं, तर मला बोलूही दिलं नाही. त्या विषयावर एक शब्द नको, असं जरा जोरातच म्हणाले. इतक्या वर्षांत सर माझ्यावर तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवून बोलले.

माझी झोप उडाली. सरांनी ज्याच्यासाठी खोटं बोलावं तो मीच असावा, हे मला सोसेना. पुढच्या रविवारी मी करकंबला गेलो, मामांना खरं काय ते सांगून टाकायचं ठरवून. ओसरीवर बसलो, घसा खाकरला, "मामा, ते पर्मनंटचं" इथवर आलो, तर मामांनी हात वर केला. "त्येचं काय ते मी आन् सर बघून घिऊ. तुमी त्यात पडू नका. जेवून घ्या." आणि जेवताना त्यांनी लग्नाची तारीख सांगितली.

लग्नाला सर आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. पुढचं वर्ष आलं, गेलं. मी होतो तिथंच राहिलो. त्याच्या पुढचंही तसंच गेलं. सर कॉलेजात पहिल्यासारखेच वागायचे, पण आमच्या घरी म्हणून पाऊल टाकेनात. बोलावलं की कधी पोट बिघडलेलं, कधी उपास. सोमवार-गुरुवार उपास समजू शकतो, या माणसाला बुधवारीही उपास निघायला लागला. एकदा नवी पेठेत अश्विनी समोरून येताना दिसली तर सर चक्क भांड्यांच्या दुकानात शिरले. अश्विनीला हसू आलं. मला वाईट वाटलं. वाटलं, माझ्यापायी खोटं बोलावं लागलं म्हणून सरांनी मला मनातून उतरवलंय.

यंदा सर निवृत्त झाले. त्यांची जागा भरणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीकडे हुबळीला जायचं ठरलं. जायच्या आधीच्या रविवारी अश्विनी स्वतः त्यांच्या घरी गेली आणि त्यांना घेऊनच आली. काय सांगितलं कोण जाणे. सर पाटावर बसले. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, गरम आमटी. सगळं सरांच्या आवडीचं. सरांनी ताटाला हात लावला नाही.

"बाई, आधी एक बोलायचंय," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांना मी खोटं सांगितलं होतं. हा पर्मनंट होणार नाही, मला तेव्हाच ठाऊक होतं. तुमच्या घरचं अन्न कुठल्या तोंडानं खाऊ?"

अश्विनी आमटी वाढतच होती.

"सर, ते आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं की," ती म्हणाली. "परत जाताना एसटीत अप्पा आईला म्हणाले, मास्तरला खोटं बोलता येत न्हाय. जल्मात पयल्यांदा बोलला आसंल, घाम फुटला हुता त्येला. असला मानूस ज्या पोरासाठी आपली जीभ विटाळतो, त्या पोराला न्हाय म्हनू ने."

हे तिनं आजवर मलाही सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. खालच्या मानेनं सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला.

"मग इतकी वर्षं सांगायचं नाही होय?" ते हळूच म्हणाले. "मी उगीच उपाशी गेलो."