बाईंच्या वहीतला उजवा रकाना

तीन आठवडे झाले. भाजीच्या गाडीवर शेजारीण म्हणाली, "अगं, गांगुर्डेबाई आज सकाळी गेल्या." आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता माझं इंग्लिश कोण बघणार... त्याची अजून लाज वाटते.

मी नांदगावची, नववी नापास, लग्न करून नाशकात आले. लेकीला इंग्लिश मिडियमला घालायचं तर आईबापाची पण मुलाखत घेतात, आई अडखळली की पोरगी बाद, असं सगळ्या सांगायच्या. म्हणून कॉलनीतल्या या रिटायर झालेल्या इंग्लिशच्या बाईंकडे रोज दुपारी जायचे. त्या आधी मटार पुढ्यात ओतायच्या. "सोलत सोलत बोल गं सुनीता. हात चालू असला की जीभ घाबरत नाही." स्लोली, क्विकली, शब्दाच्या शेवटी ली लावून लावून त्यांनी पाठ करून घेतलं.

मग पुण्याला कॉल सेंटरात असलेली नणंद आली, ती आपली सारखी "कम क्विक" म्हणायची. हायवेला पाटी बघितली, तिथे पण ड्राइव्ह स्लो. मला धडकीच भरली, नि बाईंना बोलून बसले, "तुमचं जुनं झालंय, माझ्या पोरीचं वाटोळं होईल."

बाईंनी मटार पुढे ओढले. नुसत्या सोलत राहिल्या...

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "रिक्षा करून पाटी बघून आले. मग जाड डिक्शनरी काढली. सगळ्या शब्दांना नाही, पण या दोघांना ली नसली तरी चालते गं. बोलण्यात तर गळतच चाललीये. आणि मी जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल शाईने याच चुका काढल्या."

"मग मी कोणतं बोलू?"

"तोंडाला येईल ते. फक्त मध्ये थांबू नको."

तेच शेवटचं बोलणं. माफी मागायची राहूनच गेली.

परवा त्यांच्या सुनेने बाईंची शिकवणीची वही आणून दिली. डाव्या रकान्यात स्लोली, क्विकली. उजव्यात कापऱ्या अक्षरात स्लो, क्विक, आणि पुढे लिहिलंय, "सुनीताने शिकवले." मी... मी नववी नापास.

सोमवारी मुलाखत आहे. तोंडातून काय निघेल देवाला माहीत. पर्समध्ये लेकीचा जन्मदाखला ठेवलाय, फोटो ठेवलेत, आणि रुमालात बांधून मटाराच्या चार शेंगा. टेबलाखाली सोलत बसेन.