आबांना दिलेला शब्द

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसाल की नाही, याची हमी मी देत नाही. मी स्वतः अजून दुपारी जेवायला बसले की आधी खिडकीकडे बघते. अशी फजिती शत्रूचीसुद्धा होऊ नये! आणि ती कुणी केली? मीच, माझ्या अतिशहाण्या तोंडानं.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. हे सैन्यात, लांब पोस्टिंगवर. घरी मी आणि आमची ओवी, वय साडेचार. मी शिकवण्या घेते. वीस-वीस पोरं माझ्या नुसत्या नजरेनं गप्प होतात, आणि ही टीचभर पोरगी भाजीच्या एका फोडीवरून मला रडवते! पोह्यांतली कोथिंबीर वेचून ताटाच्या कडेला ओळीत मांडायची. पालक कणकेत मळला, दुधी थालीपिठात किसला. नुसता वास घेऊन म्हणायची, "आई, यात कुणीतरी आहे."

मग डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. "हिमोग्लोबिन फारच कमी आहे हो. भाज्या पोटात गेल्याच पाहिजेत." घरी येताना रिक्षात मी तिचे पांढुरके तळवे चोळत बसले होते. भीती वाटली, खरंच वाटली.

त्यातच पितृपंधरवडा आला. कडेगावजवळ आमचं गाव, तिथं आबांचा म्हाळ होता. आबा म्हणजे ह्यांचे आजोबा, ओवीचे पणजोबा. सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. डावा पाय अधू, हातात काठी. ती काठी फरशीवर दोनदा आपटली की सगळं घर चिडीचूप! पंगतीत कुणाच्या ताटात काय उरलंय, ते त्यांना बसल्या जागी कळायचं. जाऊन दोन वर्षं झाली.

सतरा भाज्या रांधल्या, पान वाढलं, घास पत्र्यावर ठेवला. आता कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. बारा वाजले, एक वाजला. एरवी गावभर कोकलणारे कावळे त्या दिवशी कुठं गेले होते कुणास ठाऊक! वारा पडलेला. मागच्या उसाचं एक पातं हलत नव्हतं.

"काय तरी राहिलंय आबांच्या मनात," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. असं झालं की आमच्याकडं मोठ्यानं शब्द द्यायचा असतो, गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करतो म्हणून.

मामंजींनी हात जोडले. "आबा, हिरीवरची मोटार बदलतो." शुकशुकाट.

"आवं आबा, देवीला लुगडं नेसवते," आत्या म्हणाल्या. तरी काही नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. म्हटलं, हीच वेळ! ओवीला पुढं ओढलं, तिचे हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाले, "आबा, तुमची ओवी उद्यापासून सगळ्या भाज्या खाईल!"

ओवीनं माझ्याकडं बघितलं. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली.

आणि पत्र्यावर आवाज आला. टक. टक.

एकच कावळा. कुठून आला, कुणालाच दिसलं नाही. डावा पाय ओढत, लंगडत तो घासापाशी गेला, दोडक्याची फोड उचलली आणि आमच्याकडं बघत उभा राहिला. मामंजींच्या हातातला तांब्या खाली पडला. आत्यांनी तोंडाला पदर लावला. "आबाच की गं!"

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण आतून मी खूशच होते. दुसऱ्या दिवशीपासून ओवी निमूट भाजी खाऊ लागली. भेंडी, गवार, कारलंसुद्धा! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. शिकवण्यांना येणाऱ्या आयांना सल्ले द्यायलासुद्धा सुरुवात केली.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात जेवत होतो. खिडकीच्या पत्र्याच्या छज्ज्यावर आवाज आला. टक. टक.

वळून बघते तर कावळा. डावा पाय ओढणारा.

अहो, कडेगाव कुठं, विश्रामबाग कुठं! म्हटलं, असतील लंगडे कावळे जगात, त्यात काय एवढं? पण तो काव काव करेना. गजांतून मान घालून नुसता बघत राहिला. ओवी जेवतच होती. "आबा आले," एवढंच म्हणाली, शेजारचे काका आल्यासारखं.

दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही दिवशी. बरोबर जेवायच्या वेळी, चोच दोनदा पत्र्यावर. मी खिडकी लावून घेतली, तर काचेवर टक टक! न राहवून गावी फोन लावला.

"आत्या, रोज एक कावळा येतोय."

"मग येऊ दे की."

"लंगडा आहे."

आत्यांनी आवाज खाली आणला. "डावा पाय?"

"हो."

"तू शब्द दिला हुतास पोरी. पाळला न्हाईस वाटतं. पोरगी खात न्हाई, टाकती कुठंतरी. नीट बघ. माणूस गेलं म्हणून शब्द सुटत न्हाई."

झालं! मला सगळा उलगडा झाला. ही कार्टी भाजी लपवते, म्हणून आबा हेलपाटे घालतायत! दप्तर झाडलं, फ्रॉकचे खिसे उलटे केले, दिवाणाखाली झाडू फिरवला. भाजीचं देठसुद्धा सापडलं नाही. शेवटी समोर उभी केली.

"ओवी, खरं सांग. भाजी कुठं टाकतेस?"

"मी खाते."

"मग आबा रोज तुझ्याकडं बघायला का येतात?"

ओवीचे डोळे भरून आले. "माझ्याकडं नाही बघत. तुझ्याकडं बघतात! मी हात धुवायला गेले की तू तुझी भाजी खिडकीतल्या कुंडीत टाकतेस. मला बेसिनच्या आरशात दिसतं."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला लहानपणापासून दोडका, कारलं, पडवळ, काही म्हणजे काही घशाखाली जात नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत मी दोडका भाकरीखाली सरकवला होता. तेव्हा आबांची काठी दोनदा वाजली होती. मग माझ्याच कानाशी वाकून ते म्हणाले होते, "पोरी, भाकरीखाली काय दडवलंस?" सगळ्या घरात हे एकट्या आबांनाच माहीत होतं.

मी हळूच विचारलं, "ओवी, त्या दिवशी तू काय पुटपुटलीस गं?"

"मी म्हटलं, आई पण खाईल. मग ते आले."

मी तिथंच फरशीवर बसले. मोठ्यानं ओरडून शब्द दिला मी, आणि आबांनी ऐकलं ते तिचं! लाज तरी किती वाटावी? पोरगी आपला शब्द पाळत होती आणि तिच्या आईच्या कुंडीवर कावळा पोसला जात होता.

दुसऱ्या दिवसापासून मी खायला लागले. डोळे मिटून, पाण्याबरोबर, पण खाल्लं. कावळा यायचा बंद झाला. कुंडीत खायला उरलं नाही म्हणून, असं मी स्वतःला समजावते. ओवीचे तळवे आता गुलाबी झालेत, डॉक्टरसुद्धा खूश आहेत.

परवा कारलं होतं. शेवटच्या दोन फोडी मी चपातीच्या तुकड्याखाली अलगद सरकवल्या. खिडकी बंद, कुंडी रिकामी, छज्ज्यावर चिटपाखरू नाही. तीनदा बघून घेतलं होतं.

टक. टक.

मी दचकून खिडकीकडं बघितलं. तिथं कुणीच नव्हतं. समोर ओवी बसली होती, हातातला चमचा टेबलावर आपटून.

"आई," ती म्हणाली, "चपातीखाली काय दडवलंस?"