सहा प्रिंटर आणि गंधपुऱ्याची बाटली

त्या सकाळी मोबाइलवर ‘हरीदादा’ हे नाव उमटलं, तेव्हा मी मुरबाडच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडकलेला कागद ओढत होतो. दीड वर्षांनी त्याचा फोन येत होता. या दीड वर्षात त्याच्याशी काय बोलायचं ते मी मनात किती वेळा जुळवून ठेवलं होतं, ते माझं मला माहीत. पण तोंडातून निघालं काय? “दादा, बरं झालं फोन केलास. ह्या नव्या मशीनला पण कागद ओढवत नाय रे...” पलीकडे दादा नव्हता, वयनी होती. म्हणाली, “भाऊजी, तुमचे दादा गेले. दुकानातच... खुर्चीवर बसल्या बसल्या.” मरणाची बातमी द्यायला फोन आला आणि मी आधी तक्रार नोंदवली. बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाकडून याहून वेगळं काय होणार!

हरीदादा माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. राहायला सापगावला, प्रिंटर दुरुस्तीचं दुकान शहापुरात. दुकान म्हणजे एका झेरॉक्सवाल्याच्या मागची खोली, वर पत्रा. दारात उभं राहिलं की आधी नाकात वास शिरायचा तो गंधपुऱ्याचा. गुडघे दुखले की म्हातारी माणसं चोळतात ते तेल. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण चुकून हाडवैद्याकडे आलो. दादा सांगायचा, “बरोबर आलाव. आखडलेले सांधेच बघतो मी.”

प्रिंटरला कागद आत ओढायला एक बोटभर रबरी रोलर असतो. दोन-तीन वर्षांत तो रबर कडक होतो, काचेसारखा गुळगुळीत होतो, कागदावरून नुसता घसरतो. मग मशीन घरघर करतं आणि कागद नाही म्हणून सांगतं, कागद समोर भरलेला असताना. इतकंच दुखणं. पण कल्याणहून कंपनीचा माणूस आला की झाकण उघडायच्या आधीच त्याचं निदान तयार असायचं, “इसका पार्ट अब नहीं आता, अंकल. नया ले लो.” असं म्हणणारे मी निदान पाच जण पाहिले. पाचही वेगळे, पण वाक्य तेच, अगदी ‘नया’वर देतात तो जोरसुद्धा तोच. यातल्या एकाने तरी रोलरला बोट लावून पाहावं? नाही.

दादा बोट लावायचा. दात काढावा तसा अलगद रोलर काढायचा, भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचा, स्पिरिटने पुसायचा, बारीक पॉलिश पेपरने वरची चकाकी घालवायचा. मग गंधपुरा आणि स्पिरिट यांचं मिश्रण फडक्यावर घेऊन चोळायचा आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी रबर पुन्हा मऊ, कागदाला धरणारा. ही विद्या त्याला कुठल्या वर्गात मिळाली नव्हती. माझ्या काकूची, म्हणजे त्याच्या आईची, गुडघ्याची बाटली होती. तिचं रबरी बूच फुगून असं मऊ झालं होतं की बाटलीत बसेना. काकू वैद्याला शिव्या देत होती आणि हा बूच दाबून दाबून बघत बसला होता. त्यानंतर कितीतरी महिने त्याने जुन्या रोलरच्या तुकड्यांवर तेल जास्त, तेल कमी, एक रात्र, दोन रात्री असं करून पाहिलं. सगळं शाळेच्या वहीत लिहून ठेवलं. काकू ओरडायची, “मेल्या, माझं तेल मशनीला पाजतोस, मी काय कागद छापू?”

त्याची आणखी एक रीत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो कागदाची एक पट्टी चिकटवायचा. लहान पोरांचं लसीचं कार्ड असतं ना, तशी. काय केलं, कधी केलं, कोणी केलं. शेवटच्या रकान्यात नेहमी निळ्या शाईने ‘ह.’ मी विचारलं होतं, कशाला हे? तर म्हणाला, “उद्या बिघडला तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळाया पायजे ना.”

आमच्या शाळेचे सहा प्रिंटर त्याच्याच हाताखालचे. एकदा सहामाहीच्या तोंडावर त्याला बोलवायला वेळ नव्हता, तेव्हा मी स्वतः प्रयोग केला. चोळायचं कशाला, बुडवूनच ठेवू, असा माझा शहाणपणा. रात्रभर रोलर तेलात पोहत होता. सकाळी तो वड्यासारखा फुगलेला. कसाबसा कोंबून बसवला आणि आठवीचे भूगोलाचे पेपर निघाले, एकेकावर तेलाचा डाग आणि गंधपुऱ्याचा घमघमाट. वर्गात पोरं पेपर नाकाला लावून बसली. एका पोरीने बाईंना विचारलं, “बाई, हा पेपर आजीसाठी घरी नेऊ?” दादा नवा रोलर घेऊन आला तो हसतच. “अरे, मालिश सांगितली होती, आंघोळ नाय!” कितीतरी दिवस तो मला भूगोलवाले म्हणून हाक मारायचा.

आता जे लिहायचं आहे त्याला हसण्यासारखं काही नाही. कुठल्याशा योजनेतून शाळेला नवे प्रिंटर मंजूर झाले. अट अशी की जुन्यांचं निर्लेखन व्हायला हवं, म्हणजे ते निकामी म्हणून नोंदवहीतून खोडायला हवेत. तिघांची समिती झाली, हेडमास्तर, विज्ञानाचे सर आणि मी. वाक्य मीच टाइप केलं, ‘सदर सहाही यंत्रे दुरुस्तीपलीकडे असल्याची समितीची खात्री झाली आहे.’ खात्री! दोनच महिन्यांपूर्वी दादाने सगळ्यांचे रोलर केले होते. आणि ते पत्र मी छापलं कशावर? त्या सहांतल्याच एकावर. बिचाऱ्याने स्वतःचा मृत्यूचा दाखला तीन प्रतींत, कुठेही न अडकता, सरळ काढून दिला. मी खाली पूर्ण नावाने सही केली. दादाचं नाव त्या फायलीत कुठेच नव्हतं, कारण तो अधिकृत नव्हता. अधिकृत तो, जो झाकण न उघडता निदान करतो.

आठवड्याभराने दादाचा फोन आला. सापगावच्या पुलाजवळ भंगाराचा टेम्पो उभा होता, त्यात उघड्या पडलेल्या झाकणांवर त्याला आपल्या पट्ट्या दिसल्या.

“काय रे, तुमच्या शाळेत चोरी झाली काय?”

“नाय दादा. ते... निर्लेखन झालंय.”

“म्हंजे?”

“दुरुस्तीपलीकडे गेले, असं लिहिलंय.”

मग म्हणाला, “कुणी लिवलं?”

“समितीनं.”

“समितीत कोण?”

मी सांगितलं. त्याने फोन ठेवला. आरडाओरड नाही, शिवी नाही. शिवी घातली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर एका लग्नात भेटला तेव्हा “जेवलास?” एवढंच म्हणाला आणि पुढे गेला. मला कळत होतं, त्याला लागलं होतं ते प्रिंटर गेल्याचं नाही. ‘दुरुस्तीपलीकडे’ या ज्या एका शब्दाशी तो आयुष्यभर भांडला, तो शब्द त्याच्या कामाखाली लिहिला गेला होता, आणि लिहिणारा हात घरचा होता. मी जाऊन माफी मागायला हवी होती. उद्या जाऊ, आधी परीक्षा होऊ देत, मग दाखल्यांची गडबड संपू देत... मुरबाडहून शहापूर काय परदेश आहे?

त्याने मात्र ते सहाही प्रिंटर टेम्पोवरून उतरवून घेतले. एक आटगावच्या पोरांच्या अभ्यासिकेत आहे, एक उंबरमाळीकडच्या अंगणवाडीत. बाकीचे कुठे कुठे चालू आहेत. आणि एक गेल्या दिवाळीनंतर वयनीच्या हातून माझ्या घरी आला. “पोरीच्या कालेजच्या कामाला,” एवढाच निरोप. त्याच्या बाजूला पांढऱ्या रंगात आमच्या शाळेचा नोंदवही क्रमांक आहे, माझ्याच अक्षरात. दादाने तो खरवडला नव्हता. पुसायला स्पिरिट होतं त्याच्याकडे, पण पुसला नव्हता. तेव्हाही मी फोन केला नाही. लाज वाटली म्हणून केला नाही, असं म्हणतो झालं. खरं तर कारकुनी सवय, पोच द्यायची राहून गेली.

दहाव्याला माणसं बोलली. एक जण म्हणाला, हरीभाऊंच्या जुगाडाला तोड नव्हती. मला तिथेच उठून ओरडावंसं वाटलं. जुगाड? ज्याने महिनेच्या महिने वहीत थेंब मोजून लिहिले, त्याचं काम जुगाड, आणि न बघता ‘नया ले लो’ म्हणणाऱ्याचं काम सेवा? पण मी ओरडलो नाही. कुठल्या तोंडाने ओरडणार, त्या वाक्याखाली सही माझीच.

गेल्या आठवड्यात हेडमास्तरांनी नवी यादी दिली. ‘नवे’ प्रिंटरही आता कागद ओढत नाहीत. “तेच जुनं पत्र काढा, फक्त क्रमांक बदला,” म्हणाले. मी म्हटलं, “सर, आधी रोलर बघू.” “बघणार कोण? माणूस कुठे आहे आता?” यादी माझ्या खणात आहे, टाइप केलेली नाही, आणि मी ती करणार नाही.

रविवारी शहापूरला गेलो. वयनीने फडताळातून दादाची बाटली आणि ती वही काढून दिली. “तेल कशाला, भाऊजी? गुडघे धरलेत काय?” म्हटलं, “नाय वयनी. शिकतोय.” ती पहिल्यांदाच जरा हसली. “बुडवून ठेवू नका म्हंजे झालं.” म्हणजे भूगोलाची गोष्ट तिच्यापर्यंतही गेली होती.

घरच्या प्रिंटरने परवापासून घसरायला सुरुवात केलीच होती. रोलर काढला, धुतला, पुसला, वहीत लिहिलंय तेवढंच तेल घेऊन चोळला, पिशवीत गुंडाळला. सगळ्या घरात दादाच्या दुकानाचा वास. दुसऱ्या दिवशी बसवला. पहिला कागद गेला, दुसरा गेला, तिसरा... मुलगी म्हणाली, “बाबा, पुरे, किती कोरे कागद काढताय?” मग मी झाकणाच्या आतली पट्टी पाहिली. निळ्या शाईच्या ओळी आणि प्रत्येकीच्या शेवटी ‘ह.’ खाली एक ओळ रिकामी होती. काय केलं ते लिहिलं, तारीख घातली. ‘कोणी केलं’ या रकान्यात आद्याक्षर घालणार होतो, पण थांबलो. जागा अपुरी होती, तरी पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही केली, त्या पत्रावर केली होती तशीच.