रस, मळी आणि मका

कोल्हापुरातल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात मी केमिकल इंजिनिअर आहे. हातकणंगल्याच्या बाजूला एका साखर कारखान्याला इथेनॉलचा प्लांट उभारायचा होता. तो कमीत कमी वाफेवर कसा चालेल, हे गणितानं काढायचं काम माझ्याकडं आलं. इथेनॉल उकळून वेगळं करणारे उंच कॉलम किती ठेवायचे, कुठल्या गरम पाइपवर कुठलं थंड द्रावण तापवून घ्यायचं, अशा हजारो जोड्या कॉम्प्युटर तपासतो आणि त्यातली सगळ्यात चांगली हातात देतो. गणित मांडायचं मात्र आपणच.

उसाचा रस धरून मी ते मांडलं. उत्तर देखणं आलं. तेवढ्यात रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारची बंधनं आली, म्हणून साखर काढून उरणारी मळी धरून पुन्हा मांडलं. ते जुळतंय तोवर कारखान्याच्या मॅनेजरांचा फोन आला, संचालक मंडळ आता मका म्हणतंय. मक्याचा उरलेला चोथा पशुखाद्यासाठी वाळवायलाच केवढी तरी वाफ लागते. आधीचं काही उपयोगाचं राहिलं नाही.

घरी जेवताना नवरा विचारायचा, उत्तर आलं का. सुरुवातीला मी सगळं समजावून सांगायची. मग नाही म्हणून नुसती मान हलवायला लागले. पुढं त्यानं विचारणंच सोडलं.

शेवटी मी कारखान्यावर गेले आणि मॅनेजरांना म्हटलं, "काय ते एक नक्की सांगा."

तेही दमलेले दिसत होते. "मॅडम, पुढच्या हंगामात काय मिळंल ते मलाच ठावं न्हाय. तिन्हींवर चालंल असं करा की."

मग तिन्ही माल एकाच गणितात घातले. टाक्या मोठ्या झाल्या, पंप वाढले, आणि जो प्लांट निघाला तो तिन्हींपैकी कशासाठीच सगळ्यात चांगला नव्हता. ऑफिसातल्या आमच्या सरांनी आराखडा पाहिला, बरोबर आहे म्हणाले आणि सही केली.

प्लांट उभा राहिला. चाचणीच्या दिवशी मका होता. नुसत्या मक्यासाठी बांधला असता तर लागली असती त्याहून जास्त वाफ जात होती, पण प्लांट चालला. पेढे वाटले. मी एक खाल्ला आणि सावलीत खुर्ची ओढून बसले. आनंद व्हायला हवा होता. बसायला मिळालं, एवढंच बरं वाटत होतं.

मॅनेजर येऊन शेजारी बसले. त्यांनीही पाय लांब सोडले आणि डोळे मिटले.